पाऊण सक साडेचार

पहिल्या दिवशी बर्फाचा टेम्पो अकराला आला.
हर्णैच्या पुळणीवर तेव्हा चिटपाखरू नव्हतं.
पालथ्या टोपल्या, एक कुत्रं,
आणि दोन होड्या, सावल्या अजून पश्चिमेला टाकून उभ्या.
गजा मळेकरने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला:
लिलाव, सकाळी अकरा.
तुझ्याच ॲपात आहे, शमीम.

होतं खरं.
मी साडेचार लिहिले होते.
साडेचार इथून निघाले, फ्रँकफुर्टच्या
कुठल्याशा थंड खोलीत जाऊन बसले,
जिथल्या घड्याळाला ना गाव ना सूर्य, नुसतं यूटीसी,
आणि परत येताना
साडेपाच तास तिथेच विसरून आले,
पाव्हण्याकडे छत्री विसरावी तसे.

बर्फाचं पाणी फळ्यांतून गळत राहिलं,
वाळूत बोटभर ओहोळ पाडून
निघून गेलं समुद्राकडे.

त्या रात्री घाईघाईत मी हातानेच साडेपाच मिळवले.
एका फाइलीत मिळवले, भरवसा वाटेना,
म्हणून आणखी एकीत.
दुसऱ्या दिवशी लिलाव रात्री दहाला.
कालवणात अम्मीने मीठ घालावं,
तिची पाठ वळल्यावर मीही घालावं,
तसली चव.

फ्रँकफुर्टचा एक जण कॉलवर म्हणाला,
साडेपाच? हा अर्धा कुठून आला?
काय सांगू त्याला.
आमच्याकडे अर्ध्यामुर्ध्यांनाही नावं असतात बाबा,
पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच,
नांदतात बिचारे पूर्णांकांच्या शेजारी.

तौफिक जहाजावर. फोन लागला की सलामाआधी
विचारतो, तिकडे किती वाजले?
कप्तान रात्री घड्याळ तासभर मागे घेतो.
मंगळवार पंचवीस तासांचा झाला, आपा,
एक तास जास्त झोपलो,
पगार तेवढाच.
त्यानेच सांगितलं, जहाजावर एक घड्याळ असं असतं
ज्याला कोणी हात लावत नाही.

मग मी सगळी बेरीज खोडली.
साठवायची ती वेळ एकच, बिनगावाची.
आणि शेजारी गावाचं नाव, स्वच्छ अक्षरात:
एशिया, तिरकी रेघ, कोलकाता.
धर्मा पावसे तांडेल चष्मा वर करून म्हणाला,
कोलकाता? तिथं सूर्य आपल्याआधी तासभर उगवतो.
आपलं पाणी त्यांच्या नावावर कशाला?
मी म्हटलं, नाव त्यांचं, वेळ आपली.
तो म्हणाला, सातबाऱ्यावर पण असंच असतं
आणि मग कोर्टात जावं लागतं.

बंदराची एक जुनी वही आलीय माझ्याकडे,
कॉम्प्युटरवर चढवायला.
वाळवीने खालचा कोपरा खाल्लेला.
सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस.
‘मचवा लागला, दहा एकवीस, मुंबई टाइम.’
म्हणजे आजच्या घड्याळात बरोबर अकरा.
ती एकोणचाळीस मिनिटं
कोणी जगलं, कोणी पुसली, विचारायला माणूस नाही.
अकरा करावेत असं बोटांना फार वाटलं.
नाही केले. दहा एकवीसच ठेवले,
शेजारी लिहिलं: मुंबई टाइम.

आज षष्ठी.
साडेचारला बारा फोन एकदम वाजले,
भोंग्याच्या कर्ण्यावर बसलेली घार उडाली.
मी धर्माकडे बघितलं, शाबासकीसाठी, खोटं कशाला बोलू.
त्याने फोन खिशातून काढलाच नव्हता.
अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता:
पाऊण चोक तीन,
पाऊण पंचे पावणेचार,
पाऊण सक साडेचार.
पाणी भरलं, म्हणाला, उचला टोपल्या.
आणि पाणी भरलेलं होतं,
खुंटाच्या काळ्या रेघेपर्यंत.

बर्फ तेवढा पाच वाजता आला.
केळशी फाट्याला पंक्चर, गजा म्हणाला.